शिकवण्याचे कृपादान आणि चपलांपाशीची परीक्षा

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, चांगले बोलणारे पुष्कळ असतात. माइक हातात आला की तासभर आवाज चढता राहतो, आमेन येत राहते. सभा सुटते. बाहेर चपला घालणाऱ्याला कुणी विचारले, "आज काय झालं?" तर उत्तर मिळते, "छान बोलले." काय बोलले, ते मात्र आठवत नाही. शिकवण्याचे कृपादान, म्हणजे देवाने कृपेने दिलेली शिकवण्याची देणगी, ओळखायची जागा हीच, चपलांपाशी. ज्याला हे दान आहे, त्याच्या सभेतून निघालेली निरक्षर बाईसुद्धा घराकडे जाताना शेजारणीला वचन सांगत जाते.

हे दान पवित्र शास्त्रात तीन यादींत येते. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात सेवा आणि बोध यांच्यामध्ये शिकवणे आहे. १ करिंथकर १२:२८ मध्ये प्रेषित, संदेष्टे आणि तिसरे शिक्षक. इफिसकर ४:११ मध्ये पाळक आणि शिक्षक हे शब्द एकमेकांना चिकटून येतात आणि पुढच्याच वचनात कारण दिले आहे: पवित्र जनांना सेवेच्या कामासाठी तयार करणे. म्हणून शिक्षकाचे मोजमाप ऐकणाऱ्यात घ्यायचे. तो सेवेला तयार झाला का?

बी.एड. झालेल्या माणसाला हे दान आपोआप मिळत नाही, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्याला ते नसतेच असेही नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला तंबू शिवणारे जोडपे. अपुल्लोस वक्तृत्वाचा धनी, शास्त्रात पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्या दोघांनी त्याला भर सभास्थानात अडवले नाही. जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. ही हकिकत प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे. उणे कुठे आहे ते हेरणे आणि समोरच्याचा मान राखून ते भरणे, या दोन गोष्टी ज्याला जमतात त्याच्याकडे मंडळीच्या वडिलांनी लक्ष ठेवावे. त्याला सहा आठवडे लहान मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग द्यावा. मुले कंटाळली की चुळबुळतात, मोठी माणसे कंटाळा लपवतात. म्हणून पारख मुलांमध्ये लवकर होते.

आता भाषेचे. आपल्याकडे हा प्रश्न फार जवळचा आहे. नहेम्याच्या ८व्या अध्यायात एज्रा पाणीवेशीसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लोक बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या पिढ्यांतले. तिथे १३ जणांची नावे दिली आहेत. ते आणि लेवी लोकांना अर्थ उलगडून सांगतात. वाचणारा एक आणि समजावणारे अनेक! आपल्या मंडळीत वाचन मराठीत होते, पण अमळनेर-पारोळ्याकडे घरात अहिराणी, नवापुरात मावची, सातपुड्यात पावरी किंवा भिली. "नीतिमत्त्व", "प्रायश्चित्त", "समेट" हे शब्द कानावरून जातात, पोटात जात नाहीत. म्हणून मंडळीत त्या बोलीचा एक माणूस शिक्षकाशेजारी बसवा. शनिवारीच त्याच्याबरोबर धड्यातले अवघड शब्द काढा, पाचाहून जास्त नको, आणि प्रत्येकाला घरातला शब्द शोधा. ऐन सभेत शब्द शोधायला गेलात तर धडा तिथेच सांडतो.

तयारी कशी करायची, ते एका उताऱ्यावर पाहू. मार्क ४:१ ते २०, पेरणाऱ्याचा दाखला: बी म्हणजे वचन; काही वाटेवर पडते आणि पाखरे खातात, काही खडकाळ जमिनीत, काही काटेरी झुडपांत, आणि चांगल्या जमिनीतले तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते. मोठ्याने वाचायला जेमतेम दोन-तीन मिनिटे लागतात. सोमवार ते गुरुवार रोज दोनदा मोठ्याने वाचा, टीका-पुस्तक न उघडता. कोण कोणाशी बोलतो, कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो, ते वहीत लिहा. इथे "ऐकणे" सतत येते. शुक्रवारी एक वाक्य लिहा, १० शब्दांच्या आत. उदाहरणार्थ: "बी एकच, पीक ऐकणाऱ्याच्या जमिनीवर ठरते." हे वाक्य भजनातल्या ध्रुपदासारखे वापरायचे. प्रत्येक कडव्यानंतर परत त्यावर यायचे. धडा कितीही सुंदर असला आणि ध्रुपद नसले, तर माणूस तो घरी नेऊ शकत नाही.

मग ऐकणाऱ्याची अडचण आधी ओळखा. आपला शेतकरी कपाशीची सरकी मोजून टोबतो, एक बी वाया जाऊ देत नाही. त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार: हा कसला वेडा शेतकरी, बी वाटेवर टाकतो? हा प्रश्न दाबू नका, तुम्हीच विचारा. त्या काळी गालीलात गहू-जव मुठीने फेकून पेरत आणि पायवाटा शेतातूनच जात, एवढे सांगितले की गाठ सुटते. खडकाळ जमीन म्हणजे दगडांचा ढीग नव्हे. वर मातीचा पातळ थर, खाली सलग खडक. आपल्या बरड, मुरमाड रानासारखे. तिथे बी लवकर उगवते, पण पावसाने ओढ दिली की दुपारच्या उन्हात आधी तेच माना टाकते. दुबार पेरणी सोसलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही. काटेरी झुडपांसाठी कुंदा या चिवट तणाविषयी विचारा: "वखराने वरचा कुंदा कापला आणि मुळी आत राहिली, तर काय होतं?" वर्गच उत्तर देतो. मग १९वे वचन वाचा: संसाराची चिंता, पैशाचा मोह, इतर गोष्टींची हाव. वाचून थांबा. त्या शांततेत प्रत्येक जण आपापल्या मुळीकडे पाहत असतो. तुम्ही बोललात तर त्याची नजर तुमच्याकडे वळेल.

इथे जिथे हमखास घसरते ते सांगितलेच पाहिजे. या दाखल्याचा अर्थ प्रभू येशूने स्वतः १४ ते २० वचनांत दिला आहे. तरी काही शिक्षक तीसपट, साठपट, शंभरपट हे दानाच्या पेटीला जोडतात: इतके टाका, इतके परत मिळेल. उताऱ्यात तसे काही नाही. तिथे पीक येते ते वचन ऐकून स्वीकारणाऱ्याला. गरीब मजुराच्या हातची दिवसाची मजुरी अशा शिकवणीने काढून घेणे हे पाप आहे. दुसरी चूक, पाखरे कोण, काटे कोण, हे मंडळीतल्या माणसांकडे रोख ठेवून सांगणे. त्याने भांडण पेरले जाते आणि तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही. याकोब ३:१ मध्ये पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असा इशारा आहे, तो अशाच वेळी आठवायचा.

सभेचा वेळ ४० मिनिटे धरा. दिवसभर निंदणी करून आलेली बाई त्याहून जास्त डोळे उघडे ठेवू शकत नाही, आणि तिला जागे ठेवायला ओरडणे हा उपाय नाही. पाच मिनिटे मागच्या धड्याची उजळणी, पाच मिनिटे वाचन, तेही दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत. वीस मिनिटे प्रश्नोत्तरे. शेवटची दहा मिनिटे त्यांनी सांगायचे आणि प्रार्थना. "समजलं का?" असे कधीही विचारू नका, त्याला सगळे "हो" म्हणतात. त्याऐवजी त्यांच्या बोलीत, जसे अहिराणीत, म्हणा, "तुमले काय समजनं, आते तुम्ही सांगा." प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक तिनावरच धीर सोडतात आणि उत्तर स्वतः देतात. दोन-तीनदा असे झाले की वर्ग उत्तर द्यायचेच सोडतो. आणि उत्तर येत नसेल तर सरळ म्हणा, "पुढच्या रविवारी सांगतो," वहीत लिहा, आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करा. बिरुया शहराच्या लोकांनी प्रेषित पौलाचेही बोलणे रोज शास्त्रात पडताळून पाहिले आणि त्यांची त्याबद्दल स्तुती झाली, मग आपल्याला प्रश्न विचारणाऱ्यावर रागवायचे कशाला?

वेळापत्रक आपल्या ऋतूंना धरून करा. छापील २४ धड्यांची माळ इथे टिकत नाही. नंदुरबार-धुळे-चाळीसगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. चार-चार धड्यांचे गट करा, प्रत्येक गट आपल्या आपण पूर्ण होईल असा. जाणाऱ्या कुटुंबाबरोबर चार ध्रुपदे पाठ करून पाठवा. उसाच्या फडावर, कोपीबाहेर (झोपडीबाहेर) रात्री ती म्हणता येतात.

शेवटची गोष्ट जोडीदाराची. २ तीमथ्य २:२ मध्ये शिकवणीच्या चार पिढ्या एका वाक्यात आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे, आणि ती ज्यांना शिकवतील ते. म्हणून पहिल्याच दिवसापासून एक जण बरोबर घ्या. पहिल्या महिन्यात त्याने फक्त वाचन करावे, दुसऱ्यात उजळणी घ्यावी, तिसऱ्यात प्रश्न विचारावेत, चौथ्यात अख्खा धडा एखाद्या घरसभेत, दहा-बारा माणसांत. त्या दिवशी तुम्ही मागे, दाराजवळ बसा. तो चुकला तरी मध्ये बोलू नका. सभा सुटल्यावर त्याच्याबरोबर थोडे अंतर चालत जा, आधी काय चांगले झाले ते सांगा, मग एकच चूक सांगा, आणि बाकीच्या पुढच्या आठवड्यासाठी ठेवा.