मॉनिटर पाळायचाय? आधी मजला सांगा

नमस्कार श्रोतेहो. मॉनिटर लिझर्ड, म्हणजे घोरपडीच्या कुळातला सरडा आणायचाय, पिंजरा केवढा करू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, राहता कितव्या मजल्यावर? समोरचा जरा बुचकळ्यात पडतो. पण पुण्यासारख्या फ्लॅटांच्या शहरात हा हिशेब मजल्यापासूनच मांडावा लागतो.

त्याआधी कायद्याचं उरकून घेऊ. वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या वाटेवर दिसते ती आपली घोरपड पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, गुन्हा शाबीत झाला तर किमान ३ वर्षं कैद. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरली तर गोणी शोधत बसू नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. बोलायचंय ते परदेशी जातींबद्दल, म्हणजे आफ्रिकेतला सॅव्हाना मॉनिटर आणि मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा ॲकी. या जातीही साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका.

आता माप. सॅव्हानाचं पिल्लू वीतभर असतं, दोन फुटी काचेच्या टाकीत छान दिसतं, आणि तिथेच माणूस फसतो. नीट खाऊपिऊ घातलं तर एक-दोन वर्षांत ते तीन ते चार फुटांचं होतं. ‘टाकी लहान ठेवली की प्राणीही लहान राहतो’ हे तुम्हाला दुकानात हमखास ऐकवतील. साफ खोटं आहे. प्राणी वाढतोच, फक्त वळायला जागा नसते म्हणून काचेवर नाक घासत बसतो. जबड्याच्या टोकावरची खवलं झिजून तिथे लालसर ओली जखम दिसायला लागते. अशी जखम दिसली तर मलमाआधी टाकी बदला.

ढोबळ हिशेब असा की रुंदी प्राण्याच्या पूर्ण लांबीएवढी आणि लांबी त्याच्या दुप्पट. सॅव्हानासाठी तळ आठ बाय चार फूट, म्हणजे प्लायवुडची अख्खी शीट. त्याहून लहान करू नका. ॲकी दोन-अडीच फुटांचा, त्याला चार बाय दोन ही अगदी किमान जागा, पाच बाय अडीच दिलीत तर उत्तम. पिंजरा पूर्ण वाढीच्या मापाचाच एकदा करून घ्या. पिल्लू बुजेल अशी भीती वाटत असेल तर झाडाच्या साली आणि फरशीचे तुकडे टाकून लपायला जागा वाढवा.

एवढी लांबी फक्त फिरण्यासाठी नाही. दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला लागतो आणि त्याच वेळी दुसरं टोक पंचविशीच्या आसपास हवं. प्राणी ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून अंगाचं तापमान सांभाळतो. तीन फुटी पेटीत दिवा लावला की अख्खी पेटीच तापते, सावलीचं टोक उरतच नाही. पुण्याच्या एप्रिलात तर विचारूच नका.

उंचीचं गणित मात्र बहुतेकांचं चुकतं. चार फूट उंचीतली दोन फूट मातीच खाते. हो, दोन फूट माती! सॅव्हाना हा बिळात राहणारा प्राणी आहे. घानामध्ये तर त्याची पिल्लं मोठ्या रातकिड्यांच्या बिळांत सापडतात. बाहेरची हवा कोरडी असली तरी बिळात ओल टिकते. माती नसेल तर प्राणी आतून हळूहळू सुकतो, मूत्रपिंडं बिघडतात, आणि मालकाला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. वरची जाळीही याच कारणासाठी नको. सगळा ओलावा तिथून निघून जातो. वर बंद झाकण, पुढे सरकती काच आणि हवेसाठी मोजकी भोकं, एवढं पुरतं.

आता येतो मजला. आठ गुणिले चार गुणिले दोन म्हणजे चौसष्ट घनफूट, साधारण १.८ घनमीटर ओलसर माती. तिचं वजन अडीच टनांच्या वर जातं. राहत्या घराचा स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून डिझाइन करतात. दहा बाय बाराच्या अख्ख्या खोलीचा हिशेब केला तरी तो सव्वादोन टनांच्या आसपास येतो, आणि खोलीत तुमचं कपाट, पलंग आणि तुम्हीही असताच. म्हणून वरच्या मजल्यावर सॅव्हाना नको, हे माझं स्पष्ट मत. तळमजला चालेल, पण खाली खरीच जमीन हवी, बेसमेंट पार्किंग नको. ॲकीला फूटभर माती भागते, चार बाय दोनच्या तळात तिचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. तीही खोलीच्या मधोमध न ठेवता बीमला लागून ठेवा, आणि त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. त्यांची फी पिंजऱ्याच्या खर्चातच धरा.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलात तर मरीन प्लायच मागा, आणि आतून वॉटरप्रूफिंगचे दोन-तीन हात द्या, कारण मातीची ओल कडा शोधत बसते. अख्खी शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. जिना आणि दाराची चौकट आधी टेपने मोजा, किंवा तुकडे कापून आणून घरातच जोडा. काच मात्र सगळ्यात शेवटी, सुतारकाम पूर्ण झाल्यावर माप घेऊन कापायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा खाचेत दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडायला सुताराला सांगून ठेवा, नाहीतर जुलैत काच सरकणार नाही आणि आतल्याला खायला देणं अवघड होईल. नमस्कार.