रोहिणीशेजारचे जोडतारे

हे मालवणजवळचं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास इथे रोहिणी जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येते. कोकणात रोहिणी म्हटलं की भाताची पेरणी, पण मे अखेरीला सूर्यच तिकडे असतो त्यामुळे तारा दिसत नाही, तो बघायचा थंडीत आणि अंधारात. उजवीकडचा पांढरा डाग ढग नाही, किनाऱ्यावरचा एकच हॅलोजन आहे, आणि त्या एकाने एवढं आकाश खाल्लंय. हा पुढचा शॉट तो बंद केल्यावरचा.

आता हात लांब करून रोहिणीशेजारी एक बोट धरा. आकाशात साधारण बोटभर बाजूला, पण आपल्यापासून तिच्या सातपट लांब, ४६० प्रकाशवर्षांवर गॅस आणि धुळीचा एक गार ढग आहे, एल१५५१. त्यात दोन तारे एकत्र जन्मतायत. दोघांमधलं अंतर पृथ्वी ते सूर्य अंतराच्या १४५ पट, आणि दोघांना मिळून गॅसची एक मोठी तबकडी.

त्या तबकडीचा हा निळा-लाल नकाशा आल्मा या रेडिओ दुर्बिणीचा. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर ६६ अँटेना, आणि हे काम खगोलशास्त्रज्ञ शिगेहिसा ताकाकुवा यांच्या टीमचं, २०१४ चं. निळा गॅस आपल्याकडे येतोय, लाल लांब चाललाय. कार्बन मोनॉक्साइडच्या लहरी गॅस जवळ येताना किंचित आखूड होतात, लांब जाताना ताणल्या जातात, त्यावरून वेग कळतो.

आणि इथेच खरी गंमत आहे, नीट बघा. मध्ये एकच तारा असता तर गॅस नुसता गोल फिरत राहिला असता, सहजासहजी आत पडला नसता. पण दोन तारे एकमेकांभोवती फिरताना तबकडीला सारखे हिसके देतात, त्यातून गॅसचे सर्पिल बाहू, म्हणजे भोवऱ्यासारखे वळलेले पट्टे तयार होतात, बाहूंतला गॅस जास्त वेगाने पळतो आणि दोन बाहूंच्या मधल्या जागेतला मंदावून आत ताऱ्यांकडे घसरतो. ड्रोनमधला हा कर्लीचा संगम ओहोटीच्या वेळचा. मधली धार समुद्राकडे सुसाट, आणि कडेला वाळूला घासून थोडं पाणी उलटं खाडीत शिरतंय. दोन्ही हालचाली एकाच वेळी, तिकडेही तसंच.

आत घसरलेल्या गॅसवर दोन्ही तारे वाढतात. अशा जोडीभोवती ग्रहही बनतात, केपलर-१६ बी २०११ मध्ये सापडलाय.