भाच्यानं घेतलेलं डोमेन

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलचे कारखानदार माझ्याकडे आले. हातात नोटिशीचा लखोटा. भानगड डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची. म्हणाले, "वकीलसाहेब, डोमेन मिळालं, पैसे भरले, पावतीपण आहे. मग हे काय?" भाच्यानं रात्री जेवणानंतर मोबाइलवर बघितलं, नाव शिल्लक दिसलं, घेऊन टाकलं. ते होतं मुंबईच्या एका नावाजलेल्या कंपनीचंच, फक्त एक अक्षर बदललेलं.

डोमेन विकणारा एवढंच बघतो, की नेमकं हेच स्पेलिंग आधी कुणी घेतलंय का. ट्रेडमार्क, म्हणजे मालाची ओळख सांगणारं नाव किंवा खूण, कुणाचा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

"पण साहेब, स्पेलिंग वेगळं आहे की!" ही सबब जुनी आहे. १९९९ साली 'रेडिफ' ही इंटरनेट कंपनी 'रॅडिफ' या डोमेनविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. 'ई'च्या जागी 'ए', एवढाच फरक. समोरच्यानं सांगितलं, आमचं नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री या शब्दांवरून जुळवलंय. कोर्टाला ते पटलं नाही, मनाई हुकूम झाला. पुढं २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच केलं, की डोमेन हा नुसता पत्ता नाही, ती धंद्याची ओळख आहे. समोरच्याचं नाव बाजारात रुळलेलं असेल, तर ट्रेडमार्कची नोंदणी नसतानाही तो आपल्याला अडवू शकतो.

म्हणून पैसे भरायच्या आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर शोध घ्या. फुकट आहे. तिथं मालाचे वर्ग पाडलेत, चादरी-टॉवेल वर्ग २४ मध्ये येतात. तिथं उच्चारावरून शोधायचीही सोय आहे, ती जरूर वापरा. नोटिसा बहुतेक उच्चारावरूनच येतात.

आपल्या गावाची आणखी एक गोष्ट. 'सोलापुरी चादर' म्हणून डोमेन घ्यायचा मोह कुणाला होणार नाही? पण सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. बाहेरगावचा माल आणून या नावाच्या दुकानातून विकलात, तर अडकलात. छत्रपती शिवाजी महाराजांचं नावही बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते धंद्याला लावता येत नाही. श्रद्धा आहे म्हणून सूट मिळत नाही.

आता 'मालक कोण' हा प्रश्न. वेबसाइट करून देणारा पोरगा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर घेतो. मग तो पुण्याला नोकरीला जातो, फोन उचलत नाही, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्याच ई-मेलवर पडून राहते. डोमेन मुदतीपुरतंच आपलं असतं, वेळेत पैसे भरले नाहीत तर हातचं जातं. नोंदणी फर्मच्या नावावर हवी आणि पासवर्ड आपल्या कपाटात.

त्या कारखानदारांचं काय झालं? मी म्हटलं, "मालक, भांडण्यात अर्थ नाही." त्यांनी नाव सोडलं. आजीचं नाव आणि गावाचं नाव जोडून नवं केलं, शोध घेतला, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही घेतले, त्याच आठवड्यात ट्रेडमार्कचा अर्ज केला. जुन्या नावाची पाच हजार लेबलं मात्र आधीच छापून झाली होती. ती उलटी करून भाचा आता त्यावर सुताचा हिशेब लिहितो.