एक गुण कमी, तरी विजेता: फ्रेंच ओपन २०२५ चे आकडे

मित्रहो, ८ जून २०२५ ला टेनिसच्या फ्रेंच ओपनच्या अंतिम लढतीत, पॅरिसमधल्या रोलाँ गारोसच्या फिलिप शात्रिये कोर्टवर कार्लोस अल्काराझने यानिक सिनरला ४-६, ६-७ (४-७), ६-४, ७-६ (७-३), ७-६ (१०-२) असं हरवलं. सामना ५ तास २९ मिनिटं चालला. या स्पर्धेची इतकी लांब अंतिम लढत आधी कधीच झाली नव्हती. १९८२ मध्ये विलांडर आणि विलास ४ तास ४२ मिनिटं खेळले होते, तो विक्रम मोडला. आज हा स्कोअर आपण जरा उसवून बघू.

सगळे गुण मोजले तर सिनरचे भरतात १९३, अल्काराझचे १९२. आता तीन टायब्रेक (सेट ६-६ वर अडला की तो ठरवणारा, एकेक गुण मोजून खेळला जाणारा खास गेम) बाजूला काढा. त्यांत अल्काराझने २१ गुण घेतले, सिनरने १२. म्हणजे उरलेल्या साध्या गेममध्ये सिनर १८१, अल्काराझ १७१. दहा गुण जास्त असूनही त्या गेमचा हिशेब काय? २८-२८! गेम शून्यावर जिंका किंवा चार ड्यूसनंतर (म्हणजे ४०-४० अशी बरोबरी चार वेळा होऊन) जिंका, फळ्यावर एकच लागतो. एकतर्फी गेममधले जादा गुण तिथेच जिरतात. टायब्रेकमध्ये मात्र प्रत्येक गुण रोख जमा होतो, आणि नेमका तिथेच अल्काराझ भारी पडला. पाचव्या सेटमध्ये ६-६ झाल्यावर दहा गुणांचा टायब्रेक खेळण्याचा नियम २०२२ पासूनचा. त्यात तो ७-० ने पुढे गेला, तिथेच सामना फिरला.

चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ ने पुढे होता आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन मॅच पॉइंट, म्हणजे त्या तिन्हींपैकी एक गुण घेतला असता तरी सामना सिनरचा. सिनरने हातातला सामना घालवला असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. एक तर सर्व्हिस समोरच्याची होती. आणि पायाखाली लाल माती होती. या कोर्टवर विटांचा चुरा असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटर, त्याखाली दाबून बसवलेला चुनखडीचा थर, त्याच्याही खाली कोळशाच्या राखेची खडी आणि दगड. टप्पा पडताना चेंडू त्या चुऱ्यात घासतो, त्याचा पुढचा वेग मरतो, आणि टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) असेल तर तो पार खांद्यापर्यंत उसळतो. हिरवळीवर जो फटका थेट गुण देतो, तो इथे परत येतो. म्हणून सर्व्हिस हातात असणं हीसुद्धा इथे खात्री नाही. त्याच सेटमध्ये सिनर ५-४ वर सामना संपवायला सर्व्हिस करत होता, ती मोडली, म्हणजे तो गेम अल्काराझने घेतला. पाचव्यात अल्काराझ ५-४ वर सर्व्हिस करत होता, तीही मोडली. दोन सेट मागे पडून सामना जिंकणं अल्काराझला त्याआधी एकदाही जमलं नव्हतं.

आदल्या दिवशीची महिलांची अंतिम लढतही अशीच बघायला हवी. कोको गॉफने अरीना साबालेन्काला ६-७ (५-७), ६-२, ६-४ असं हरवलं. साबालेन्काच्या स्वतःहून झालेल्या चुका ७०, गॉफच्या ३०. त्या दिवशी वारा जोरात होता. जोरकस, सपाट फटका जाळीच्या जेमतेम वरून जातो. वाऱ्याने चेंडू वीतभर जरी सरकला तरी तो रॅकेटच्या मध्यावर बसत नाही, मग जाळीत तरी जातो नाही तर बाहेर. अशा वेळी फटक्याला उंची द्यायची, रेषेपासून आत निशाणा धरायचा, आणि पायांची छोटी छोटी पावलं शेवटच्या क्षणापर्यंत चालू ठेवायची. घसरायचंच असेल तर आधी घसरून फटक्याच्या वेळी थांबलेलं असायचं. फटका मारून मग घसरलात तर परतायला उशीर होतो. गॉफ नेमकं हेच करत राहिली. बचाव करत चेंडू परत पाठवत राहणं हे दुय्यम दर्जाचं टेनिस मुळीच नाही, आणि लाल मातीवर तर नाहीच.