मासा सोडला, पण वाचला का?

गळाला मासा लागला, फोटो निघाला, मासा पाण्यात सोडला आणि तो शेपटी हलवत निघूनही गेला. वाचला म्हणायचं? इतक्यात नाही. दमलेला, खरचटलेला मासा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही मरतो. तेव्हा बघायला काठावर कोणी नसतं.

हा गंगापूर धरणाचा फुगवटा. या गड्याच्या गळाला रोहू लागलाय. त्याचे हात बघा. मासा जवळ येण्याआधीच ते कोपरापर्यंत भिजवलेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याचं चिलखत; जंतू आणि बुरशीला तोच अडवतो. कोरडा हात, टॉवेल, तापलेला खडक, नायलॉनची गाठींची जाळी, कशानेही तो खरवडला जातो. म्हणून इथे रबराची बिनगाठीची जाळी आहे. मासा अजून पाण्यातच आहे.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून आणलाय. त्यामुळे गळ अलगद निघाला. माशाने तो गिळला असता, तर ओढाताण न करता दोरी तोंडापाशी कापून टाकायची.

आता फोटो. एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. कल्ल्यांत बोटं घालून उभा लटकवलेला मासा फोटोत रुबाबदार दिसतो खरा, पण कल्ला फाटून रक्त आलं की त्याचं काही खरं नाही. फोटोपुरता आपलाही श्वास रोखून धरा; दम लागायच्या आत मासा पाण्यात गेला पाहिजे. मरळ हवेतूनही श्वास घेते, ओल्या पोत्यातही तग धरते. तिच्यावरून रोहू-कटल्याचा अंदाज बांधू नका.

एप्रिल-मेची दुपार तर नकोच. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. झुंजून थकलेल्या माशाला तोच कमी पडतो. त्याला मागेपुढे हलवत बसू नका. पाण्यात सरळ धरा. जोर आला की तोच हातातून निसटतो.

धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी विचारा. नांदूर मध्यमेश्वर तर अभयारण्यच. तिथे गळ न्यायचाच नाही.

आणि चिलापी लागली तर? मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, इथल्या माशांच्या खाण्यात आणि जागेत वाटेकरी झालेली. तिला परत सोडा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. कालवण चांगलं होतं.