तार काढल्यावर हद्द कोण सांभाळणार?

श्रोतेहो,

स्वीडनमधल्या हुस्कवर्ना या कंपनीने १९९५ साली सौरऊर्जेवर चालणारे आणि माणसाविना गवत कापणारे यंत्र बाजारात आणले. पुढे १९९८ मध्ये बॅटरी उतरली की आपण होऊन चार्जिंगच्या जागी परतणारे यंत्रही आले. तेव्हापासून स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांतल्या घरांभोवतीच्या हिरवळीवर ही यंत्रे रोजच फिरताना दिसतात. त्यांच्या तळाशी गोल तबकडीवर ब्लेडच्या पात्यांसारखी दोन-तीन लहान, सैल बसवलेली पाती असतात. यंत्र रोज थोडेथोडेच गवत कापते आणि कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू देते. ते कुजले की त्यांतला नायट्रोजन मातीत परत जातो. कापण्याचा हा प्रश्न तेव्हाही बराचसा सुटलेला होता. गेल्या काही वर्षांत बदलली आहे ती यंत्राला आपली जागा समजण्याची रीत, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

पूर्वीची रीत तारेची होती. हिरवळीच्या कडेने एक बारीक तार खुंट्या मारून बसवायची किंवा काही सेंटिमीटर खोल पुरायची आणि तिच्यातून अगदी कमी दाबाचा, स्पंदनांचा विद्युतप्रवाह सोडायचा. तारेभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि यंत्राच्या पोटातल्या कॉइलला ते जाणवते. तारेच्या आत आणि बाहेर या क्षेत्राची दिशा उलट असल्याने तार ओलांडताच यंत्राला ते कळते आणि ते मागे वळते. आतल्या आत मात्र आपण नेमके कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. ते सरळ जाते, तार लागली की कोणत्याही कोनात वळते, पुन्हा सरळ जाते, आणि असे पुरेसे तास फिरले की सगळीकडचे गवत कापून होते.

या तारेचा त्रास घरमालकांना चांगलाच ठाऊक आहे. नवा वाफा करताना कुदळीने ती तुटते, झाडाची मुळे तिला वर ढकलतात, उंदीर-घुशी ती कुरतडतात आणि तुटलेली जागा शोधण्यात सुट्टीचा दिवस जातो. फुटबॉलच्या मैदानावर तर मातीत हवा खेळावी म्हणून खिळ्यांचे यंत्र फिरवावे लागते, तिथे पुरलेली तार टिकवणे कठीणच. एवढे असूनही तारेचा एक गुण मला फार मोठा वाटतो. ती तुटली की संदेश बंद होतो, आणि संदेश बंद झाला की यंत्र जागच्या जागी थांबते. आपली हद्द कळेनाशी झाली आहे हे यंत्राला नक्की कळते. तार काढून टाकणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राची परीक्षा या एका गुणावर झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तारेची जागा घेऊ पाहणारा पहिला उमेदवार म्हणजे उपग्रह. मोबाइलमधला जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. रस्ता सापडायला ते पुरते. फुलांचा वाफा आणि हिरवळ यांच्या मधली कड ओळखायला ते काहीच कामाचे नाही. ही अचूकता सेंटिमीटरवर कशी आणली, ते थोडे खोलात जाऊन पाहू.

उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून एक सांकेतिक संदेश सतत पाठवत असतात. त्या संकेताचा एकेक तुकडा सुमारे ३०० मीटर लांबीचा असतो. ग्राहक यंत्राने त्याचा शंभरावा भाग ओळखला तरी चूक तीन मीटरची राहते. पण हा संकेत ज्या रेडिओ लहरीवर स्वार होऊन येतो, तिची लांबी फक्त १९ सेंटिमीटर असते. तिचाही शंभरावा भाग ओळखता आला तर हिशेब दोन मिलिमीटरवर येतो. अडचण अशी की सगळ्या लहरी एकसारख्या दिसतात. आता आलेली लहर चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे नेमके मोजता येते; पण उपग्रहापासून आपल्यापर्यंत मध्ये किती कोटी पूर्ण लहरी मावल्या, हे मोजता येत नाही. तो पूर्णांक शोधून काढणे हा या तंत्राचा गाभा आहे.

त्यासाठी दुसरा ग्राहक लागतो. घराच्या छपरावर किंवा अंगणातल्या खांबावर एक अँटेना पक्की बसवतात, तिला बेस स्टेशन म्हणतात. उपग्रहाच्या घड्याळातली चूक, त्याच्या कक्षेतली चूक, वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थरामुळे संदेशाला होणारा उशीर, या सगळ्या चुका बेस स्टेशनला आणि जवळच फिरणाऱ्या यंत्राला जवळजवळ सारख्याच भोवतात. दोन्ही मापांची वजाबाकी केली की त्या गळून पडतात आणि पूर्णांक शोधणे शक्य होते. या पद्धतीला आरटीके म्हणतात, आणि तिची अचूकता एक-दोन सेंटिमीटरपर्यंत जाते.

आपल्याकडे हे तंत्र अनेकांनी पाहिलेले आहे. भूमी अभिलेख विभागाचे भूकरमापक आता काठीच्या टोकावर अँटेना असलेला रोव्हर घेऊन शेतात मोजणीला येतात. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर उभारलेल्या कायम स्थानकांच्या जाळ्यातून त्या रोव्हरला मोबाइलवरून दुरुस्त्या मिळतात. काठी बांधावर उभी करून मापक पडद्याकडे पाहत थांबलेला दिसतो, तो पडद्यावर ‘फिक्स’ येण्याची वाट पाहत असतो. फिक्स म्हणजे पूर्णांक नक्की झाला. ‘फ्लोट’ दिसत असेल तर अजून अंदाज चालू आहे, आणि अनुभवी मापक त्या क्षणी नोंद घेत नाही. गवत कापणाऱ्या यंत्राच्या आत हाच प्रश्न दर क्षणी विचारला जात असतो. काठी धरून थांबणारा माणूस मात्र तिथे नसतो. थांबायचे की पुढे जायचे, हे यंत्रालाच ठरवावे लागते.

आता या वजाबाकीतून एक चूक सुटते, आणि ती नेमकी घराच्या अंगणातच राहते. भिंतीवर, काचेवर, पत्र्याच्या शेडवर आपटून परावर्तित झालेला संदेश थोडा लांबून, म्हणून थोडा उशिरा पोहोचतो. यंत्र भिंतीजवळ असते आणि बेस स्टेशन छपरावर. दोघांच्या भोवतालचा परिसर निरनिराळा असल्याने ही चूक दोघांना सारखी भोवत नाही आणि वजा करता येत नाही. दाट झाडाखाली संदेश क्षीण होतात आणि काही उपग्रह दिसेनासे होतात. त्यात उत्तर युरोपाची भर वेगळीच आहे. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे स्टॉकहोमसारख्या ठिकाणाहून पाहिले तर उत्तरेकडच्या आकाशाचा एक मोठा भाग या उपग्रहांविना रिकामा असतो. घराच्या उत्तरेला लागून असलेल्या हिरवळीवर दक्षिणेचे भरलेले आकाश घरच झाकते आणि उत्तरेकडे उपग्रह थोडेच उरतात. रशियाच्या ग्लोनास उपग्रहांच्या कक्षा जास्त कललेल्या असल्याने तिथे त्यांचा उपयोग होतो, आणि म्हणूनच ही यंत्रे एकाच देशाच्या उपग्रहांवर विसंबून राहत नाहीत.

आकाशातूनही कधी घाला पडतो. १० व ११ मे २०२४ च्या सौरवादळात वरच्या वातावरणाचा तो विद्युतभारित थर इतका खवळला की अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ऐन पेरणीत आरटीकेवर चालणारे ट्रॅक्टर उभे राहिले. आपल्या अक्षांशांवर तर सूर्यास्तानंतर या थरात उठणारी खळबळ नेहमीची आहे, आणि उपग्रहांवर काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना तिचा विचार आधीपासून करावा लागतो.

मधल्या काळात एक वेगळा मार्गही पुढे आला होता. घरातला केर काढणाऱ्या यंत्रांमुळे प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने अंगणात रेडिओचे खांब उभे करून त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून जागा ओळखायचे ठरवले. त्या लहरींच्या पट्ट्यात ६.६६ गिगाहर्ट्झच्या आसपास अवकाशातल्या मिथेनॉलचे उत्सर्जन येते, आणि नवे तारे जिथे जन्मतात त्या प्रदेशांचा अभ्यास त्याच्यावरून होतो, म्हणून रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली. २०१५ मध्ये परवानगी मिळाली, जानेवारी २०१९ मध्ये यंत्र जाहीर झाले आणि २०२० मध्ये प्रकल्प बाजूला ठेवला गेला. गवत कापण्याच्या प्रश्नाने दुर्बिणीपर्यंत पोहोचावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

टिकून राहिला तो कॅमेरा. यंत्राच्या पुढे बसवलेला कॅमेरा दोन वेगळी कामे करतो. पहिले म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चित्रांत खिडकीचा कोपरा, झाडाचा बुंधा, कुंडीची कड अशा ठळक खुणा पकडून त्या किती सरकल्या यावरून यंत्र किती पुढे गेले ते काढणे. दुसरे म्हणजे समोरचे काय आहे ते ओळखणे: हे गवत, ही फरशी, हा चेंडू, हे मांजर. पहिल्या कामाचे सौंदर्य असे की कॅमेऱ्याला ठळक खुणा भिंतीजवळ आणि झाडांखालीच भरपूर मिळतात, म्हणजे नेमक्या जिथे उपग्रह दगा देतात तिथे. उलट मोकळ्या, एकसारख्या हिरवळीच्या मधोमध कॅमेऱ्याला धरायला फारसे काही नसते, पण तिथे आकाश मोकळे असते.

या दोन साक्षींचा मेळ घालण्याची रीत रुडॉल्फ काल्मान यांच्या १९६० च्या शोधनिबंधातून आली आहे. प्रत्येक मापाबरोबर ते कितपत विश्वासार्ह आहे हेही नोंदवायचे आणि त्या प्रमाणात त्याचे ऐकायचे. ओल्या गवतावर चाक घसरते, तेव्हा चाकाच्या फेऱ्यांचे कमी ऐकायचे. भिंतीजवळ उपग्रहांचे कमी ऐकायचे. मावळतीचे ऊन थेट कॅमेऱ्यात येत असेल तर त्याचे कमी ऐकायचे. यातून यंत्राला आपल्या जागेबरोबर आपली शंका किती मोठी आहे हेही कळते. शंकेचे वर्तुळ हद्दीला टेकले की पाती थांबली पाहिजेत. तारेने फुकट दिलेला गुण असा हिशेबाने परत मिळवावा लागतो, आणि यंत्र चांगले की वाईट हे मी यावरून ठरवीन.

एक उदाहरण जवळून पाहा. अशा यंत्रांना हद्द शिकवताना मालक मोबाइलवरून यंत्र कडेकडेने चालवत नेतो आणि तो मार्ग नकाशा म्हणून साठवला जातो. हा नकाशा बेस स्टेशनच्या जागेपासून मोजलेला असतो. समजा वाऱ्याने किंवा मुलांच्या खेळात अँटेनेचा खांब वीस सेंटिमीटर सरकला. सगळा नकाशा वीस सेंटिमीटर सरकतो, यंत्राला फिक्स मिळालेलाच असतो, शंकेचे वर्तुळ लहानच असते, आणि यंत्र पूर्ण विश्वासाने गुलाबाच्या वाफ्यात शिरते. ही चूक उपग्रहांच्या हिशेबातून पकडता येत नाही. समोर गवत संपून माती दिसते आहे असे सांगणारा कॅमेराच इथे अडवू शकतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रेही बाजारात आली आहेत. पण दोन घरांच्या हिरवळींमध्ये कुंपण नसेल, तर शेजाऱ्याचे गवत आणि आपले गवत कॅमेऱ्याला सारखेच दिसते. मालकीची हद्द डोळ्यांना दिसत नाही, ती मोजणीतच असते.

हे सगळे यंत्र कुठे आहे याविषयी झाले. त्याच्या समोर कोण आहे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि युरोपात तो हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यामुळे ऐरणीवर आला. हा निशाचर प्राणी धोका जाणवला की पळत नाही, अंग आक्रसून जागच्या जागी थांबतो. हळूहळू येणारे, आवाज न करणारे यंत्र त्याच्यासाठी फार घातक ठरते. डॅनिश संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच मेलेले हेजहॉग वापरून १८ यंत्रांची चाचणी घेतली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष धक्का लागल्याशिवाय एकाही यंत्राला प्राणी ओळखता आला नाही, आणि २०० ग्रॅमपेक्षा हलकी पिल्ले तर एकालाही कळली नाहीत. काही यंत्रांनी मोठ्या प्राण्यांना इजा केली नाही, काहींनी गंभीर इजा केली. म्हणजे पात्यांच्या आणि आवरणाच्या रचनेने मोठा फरक पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने युरोपीय हेजहॉगला संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत टाकले. त्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोन शहराने ही यंत्रे रात्री चालवण्यावर बंदी घातली.

त्या चाचणीनंतर कॅमेरे सुधारले आहेत हे मान्य; पण दिवसाउजेडी पाय आणि चेंडू ओळखणारा कॅमेरा अंधारात, उंच गवतात, मुठीएवढे पिल्लू ओळखेलच असे गृहीत धरता येत नाही. रासमुसेन यांच्या गटाने पुढे हेजहॉगच्या आकाराच्या प्रतिकृती वापरून सर्व यंत्रांसाठी एकच प्रमाणित चाचणी असावी यासाठी काम केले आहे. अशी चाचणी सक्तीची होऊन तिचा निकाल खोक्यावर छापला जाईपर्यंत रात्रबंदी योग्यच आहे, असे मी अभियंता म्हणून म्हणतो. तुमचे नातलग तिकडे राहत असतील आणि त्यांच्याकडे असे यंत्र असेल, तर त्यांना ॲपमधले वेळापत्रक उघडून बघायला सांगा. सकाळी ऊन वर आल्यावर सुरुवात आणि संध्याकाळ होण्याच्या बऱ्याच आधी शेवट, एवढा बदल करायला दोन मिनिटे लागतात.