पंखा चालू आहे का?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बघा, दोघांनी माना हलवल्या, कोपऱ्यातल्या काकांनी 'जरा मोठ्यानं' म्हणून हात वर केला. झालं माझं काम. एवढ्याशा गोष्टीसाठी 2020 च्या ऑक्टोबरात मी घरात बसून तडफडले होते, तीच हकीकत आज सांगणार आहे.

परिषद जर्मनीतली होती, वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावरची. एरवी मला तिथं कोण बोलावतंय, आणि बोलावलं तरी विमानाचं भाडं कोण देतंय! पण टाळेबंदीत सगळंच पडद्यावर आलं आणि आमच्या मिरजेच्या घरातली मधली खोली परिषदेचं व्यासपीठ झाली. मला वीस मिनिटं दिली होती. विषय, तंबोऱ्याची जवारी.

मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं तंतुवाद्यं घडतायत. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा जवारी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगणं जरा आगाऊपणाचंच आहे. तरी थोडक्यात सांगते. तार ज्या घोडीवरून जाते ती वरून सपाट दिसते, पण तिला अगदी किंचित बाक असतो. तार थरथरताना त्या बाकावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत अशी जागा गाठतो की एका तारेतून वरच्या स्वरांची अख्खी रांग उजळून निघते. पुस्तकातला नियम असा की, तार जिथं छेडाल तिथं ज्या वरच्या स्वराचा निस्पंद बिंदू, म्हणजे त्या स्वरात तार थरथरताना न हलणारी जागा, असेल तो स्वर ऐकू येता कामा नये. तंबोरा हा नियम खुशाल मोडतो. सी. व्ही. रामन यांनी हे 1921 मध्ये कलकत्त्यातून लिहून दाखवलं. मी ते वीस मिनिटांत सांगणार होते आणि शेवटी तंबोरा छेडून ऐकवणार होते. शब्दांनी कितीही सांगा, जवारी कानावर पडल्याशिवाय पटत नाही.

तंबोरा माझा नव्हता. एका कारागिरांनी विश्वासानं दिला होता.

आता माझा पहिला गाढवपणा. आदल्या आठवड्यात रंगीत तालीम झाली, तिथला दुपारचा एक म्हणजे आपले साडेचार. व्याख्यानाचीही वेळ एकचीच. मी त्या दिवशी चारला तंबोरा लावला, डाळीच्या डब्यावर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप चढवला, तोंडावर उजेड यावा म्हणून टेबललॅम्प जवळ ओढला आणि साडेचारला हजर. समोर कोणी नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्या वर्षी 25 तारखेला, युरोपातली घड्याळं तासभर मागं जातात. म्हणजे आता एक वाजायचा तो आपल्या साडेपाचला. पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं आणि मी घड्याळात चुकले! उठून पुन्हा सगळी मांडामांड कोण करणार, म्हणून तासभर तशीच बसून राहिले, तंबोरा शेजारी आणि दिवा चालू. हा तास लक्षात ठेवा.

साडेपाचला सुरुवात झाली. सगळ्यांचे माईक बंद, बहुतेकांचे चेहरेही बंद. काळ्या चौकोनांत नावं. तुम्ही लहानपणी आजीकडून गोष्ट ऐकली असेल. आजी म्हणायची, हुंकार द्या, नाहीतर मी थांबते. पोवाड्यात शाहिराला झीलकरी लागतात ते नुसते सूर धरायला नव्हे, त्यांच्या 'जी जी'वर शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ उचलतो. माणसांच्या बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, दहा भाषांवर 2009 मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं. सेकंदाचा पाचवा भाग! मी तिसऱ्या मिनिटाला एक विनोद केला आणि नंतर दहा सेकंद शांतता ऐकली. त्यानंतर मी विनोद केला नाही. बोलण्याचा वेग मात्र वाढत गेला. माणूस घाबरला की पळतो, मी बसल्या जागी पळत होते.

शेवटी तंबोरा उचलला. पंचम, षड्जाची जोड, खर्ज. डोळे मिटून चांगला मिनिटभर वाजवला. आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली, "अगं, भिंतीतून येतोय, टॅबवर काहीच नाही!"

आमच्या मुलानं त्यांना टॅबवर व्याख्यान लावून दिलं होतं. लोणच्याच्या बरणीला टॅब टेकवून, मटार सोलत त्या ऐकत होत्या. एका कानानं भिंतीपलीकडचा खरा तंबोरा, दुसऱ्या कानानं जर्मनीला जाऊन आलेला. प्रयोगशाळेत याहून नेटकी मांडणी मला जमली नसती.

कारण मागाहून ध्यानात आलं. ही सॉफ्टवेअरं माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बनवलेली. बोलणं सारखं बदलतं, मध्ये थांबतं. जो आवाज न थांबता एकसारखा येत राहतो तो पंख्याचा किंवा यंत्राचा असणार, असं धरून ती तो पुसून टाकतात. तंबोऱ्याचा धर्मच अखंड वाजत राहण्याचा! ज्या गुणासाठी गवई त्याला मांडीशी घेऊन बसतात, त्याच गुणापायी तो कचरा ठरला.

आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवायची सोय असते. चहा गाळताना चहापत्तीबरोबर वेलदोडाही जातो म्हणून गाळणीच काढून ठेवायची, तसं ते. मुलानं धावत येऊन बटण दाबलं. तंबोरा पोचला. त्याच्यासोबत आमचं घरही पोचलं. छताचा पंखा, कुकरची शिट्टी, आणि खाली कोणीतरी स्कूटरला मारत असलेल्या किका. संचालन करणाऱ्या बाईंनी फार सभ्यपणे लिहून विचारलं, "तुमच्याकडे पंखा चालू आहे का?" पंखा बंद केला. सासूबाईंनी न सांगता गॅसही बंद केला. पुढची चार मिनिटं मी घामानं निथळत वाजवलं. चौकोनांपैकी तीनचार उघडले, चेहरे दिसले. एक वयस्कर गृहस्थ कान पडद्याजवळ आणून ऐकत होते. पडद्याला कान लावून काही जास्त ऐकू येत नाही, हे त्यांनाही माहीत असणार.

आठवड्यानं तंबोरा परत द्यायला गेले. कारागिरांना मोबाइलवर ध्वनिमुद्रण ऐकवलं. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. पण वरच्या स्वरांची रांग पुरेशी पोचली तर त्यांच्यातल्या अंतरावरून आपला कान खालचा स्वर आपणच भरून घेतो. हे मी त्यांना उत्साहानं समजावत होते. ते मान खाली घालून ऐकत होते, मोबाइलकडे, माझ्याकडे नव्हे.

"मॅडम," ते म्हणाले, "पंचम उतरलाय तुमचा."

तो तास आठवतोय ना? दिव्यानं तारा तापल्या होत्या. तापली की तार सैलावते, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवत होते.